उंटांचा वर्षावास

५ ऑक्टोबर. सकाळी मी लोणावळ्याला आक्काच्या घरी पोचले ती भाजीचे रिकामे क्रेट, जुन्या पेपरांचा गठ्ठा आणि भाताच्या जळक्या तुसांचं एक पोतं घेऊन. काम सरळ होतं. मागच्या खोलीतल्या कुंड्या एकेक करून पुसायच्या, पेपरात गुंडाळायच्या, क्रेटमध्ये दाटून बसवायच्या आणि मधल्या फटींत तुसं भरायची, म्हणजे दुसऱ्या दिवशी टेम्पो आला की तळेगावला माझ्या घरी हलवता येतील. आक्का म्हणजे माझी मोठी नणंद, विमल. जुलैच्या शेवटी ती गेली. जाण्याआधी तिने मला बजावलं होतं की तिची झाडं मी घेऊन जायची, आणि मी हो म्हटलं होतं. मी एका कारखान्याची कॅन्टीन सांभाळते. माझ्यालेखी दिलेला शब्द म्हणजे घेतलेली ऑर्डर, ती पोचवायचीच.

बातमी आली तेव्हा मी कॅन्टीनच्या मागच्या दारात कांद्याची पोती उतरवून घेत होते. दाजींचा, म्हणजे आक्काच्या मिस्टरांचा, फोन आला. "संगीता, गेली गं." मी विचारलं, "कधी?" ते म्हणाले, "आत्ताच. पानी मागत हुती..." मी पोती आत लावायला सांगितली, हात धुतले आणि निघाले. शोक करायला वेळ नंतर भरपूर मिळतो, आधी माणसांच्या जेवणाचं बघावं लागतं, हे मी आक्काकडूनच शिकले होते.

आक्का रेल्वेच्या पार्सल ऑफिसात क्लार्क होती आणि दाजी घाटात रुळांच्या गँगवर. लग्नानंतर काही वर्षांनी एकदा कुणाच्या तरी बंगल्यासाठी आलेली झाडांची पेटी कुणी सोडवायलाच आलं नाही. ती कोपऱ्यात पडून राहिली. शेवटी उघडली तेव्हा आतलं सगळं कुजून काळं झालं होतं. केर भरला गेला, आणि त्या केरात आक्काला एक पान दिसलं. जाड, निळसर, टणक. मातीत नाही, पाण्यात नाही, तरी त्याच्या बुडाशी केसासारखी गुलाबी मुळं फुटलेली. तिने ते रुमालात घालून घरी आणलं. "मालकाने सोडलं, गार्डाने आपटलं, साहेबाने निकालात काढलं, आणि हे बसलंय आपलं बिऱ्हाड थाटून," असं ती सांगायची. त्या पानाचं पुढे कमळाच्या आकाराचं सुरेख झाड झालं. त्याचं नाव तिने 'पार्सल' ठेवलं. घरात जी काही झाडं आली, ती पार्सलच्या मागून आली... जेड, हावर्थिया, काही निवडुंग, काहींची नावं तिलाही माहीत नव्हती. नर्सरीवाले त्यांना सक्युलंट म्हणतात. पोटात पाणी साठवतात म्हणून आक्का त्यांना उंट म्हणायची. "उंटांचं आवरते आणि येते," असं फोनवर म्हणाली की अनोळखी माणूस "कुणाचं?" म्हणून पुन्हा विचारायचा.

आता लोणावळ्यात उंट पाळणं हा मुळातच उफराटा उद्योग आहे. पावसाळ्यात आमच्या भागात मिठाला पाणी सुटतं, पापड कातड्यासारखे वाकतात, कपाटातल्या चपलांवर पांढरी बुरशी चढते. शनिवार-रविवारी लोक हा पाऊस बघायला येतात आणि परत जातात, ओल आमच्याकडे ठेवून. आक्काच्या गल्लीच्या टोकाला एका बंगल्यातल्या बाई दर उन्हाळ्यात हायवेवरच्या नर्सरीतून अशीच झाडं आणायच्या, सुंदर रंगीत कुंड्यांत मांडायच्या, आणि गणपतीपर्यंत सगळ्यांचा चिखल व्हायचा. एकदा त्या आक्काकडे आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या हाताला गुण आहे हो." आक्का म्हणाली, "हाताला गुण नाही, हाताला लगाम आहे. इथे पावसाशी भांडायचं नसतं, आपल्या हाताशी भांडायचं." बाईंना ते कितपत कळलं कोण जाणे. पुढच्या वर्षी त्यांनी प्लास्टिकची झाडं आणली. आक्काला त्याचं वाईट वाटलं नाही. "चला, कुणीतरी मरायचं थांबलं," म्हणाली.

तिची पद्धत ठरलेली होती. रोहिणी लागल्या की कुंड्या ओसरीवरून आत यायच्या, मागच्या खोलीत. या खोलीला पूर्वेची खिडकी आणि वर काचेची दोन कौलं. आमच्याकडे पावसात कपडे वाळवायला शेगडीवर बांबूचं मोठं डालगं उपडं घालतात आणि त्यावर कपडे पसरतात, ते डालगंही याच खोलीत. त्यामुळे घरातली सगळ्यात कोरडी जागा हीच. दाजींचे बनियन वर आणि उंट खाली, असा संसार चार महिने चालायचा. पाणी हळूहळू कमी करत आणायचं आणि आषाढी पौर्णिमेपासून पूर्ण तोडायचं. त्या पौर्णिमेला आपले भिक्खू वर्षावासाला बसतात, म्हणजे पावसाळाभर हिंडायचं नाही, एका जागी राहून अभ्यास करायचा. आक्का विहारातून वंदना करून आली की खोलीच्या दारात उभी राहून कुंड्यांना सांगायची, "बसा आता. चुळबुळ नको." तीन महिने थेंब नाही. आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला, विहारात खीर वाटून झाली, की प्रत्येक कुंडीला औषधाच्या बाटलीचं एक झाकण भरून पाणी. एकच. पुढचं आठ दिवसांनी. ते झाकण काम झालं की खिडकीच्या कठड्यावर उपडं ठेवायची. मधल्या दिवसांत हात शिवशिवले तर दाजींचा दाढीचा जुना ब्रश होता, तो पानांवरून फिरवायचा. धूळ जाते, पिठ्या ढेकूण ही पांढरी कीड लागली असेल तर दिसते, आणि मुख्य म्हणजे माणसाला काहीतरी केल्यासारखं वाटतं.

ही तुसांची गोष्टही सांगायला हवी, कारण माझी आक्काशी गट्टी जमली ती तिथेच. माझं माहेर वडिवळ्याचं, आमची भातशेती. लग्न होऊन आल्यावर आक्काने मला पहिली मागणी काय केली तर तुसांची. विटांचे तुकडे, जाड रेती आणि काळी जाळलेली तुसं असली की माती पाणी धरून ठेवत नाही, हे तिचं गणित. मी आईला सांगितलं तर आई म्हणाली, "तुज्या नंदंला तुसं कशापायी? कोंबड्या हायत व्हय?" मी म्हटलं, झाडांना. "झाडास्नी श्यान घालत्यात, तुसं घालतंय व्हय कुनी?" मग आक्का स्वतःच वडिवळ्याला आली. आईच्या अंगणात उकिडवं बसून तुसं कशी धुमसत ठेवायची, राख व्हायच्या आधी पाणी मारून कशी विझवायची, हे करून दाखवलं आणि नाकाला काजळी लागलेली तशीच जेवायला बसली. तेव्हापासून आई दर सुगीनंतर एक पोतं बाजूला काढते. "लय हुशार बाई," असं ती आक्काबद्दल सगळ्यांना सांगायची, "पर पानी घालत न्हाई ह्ये काय मला पटत न्हाई." आईचंही बरोबर. आमचं पीकच पाण्यात पाय सोडून उभं असतं. पाणी घातलं म्हणजे माया केली, एवढंच आम्हाला माहीत.

आक्काने मला वेगळी माया दाखवली. माझे मिस्टर, विलास, ज्या कंपनीत होते ती बंद पडली तेव्हा आमच्या घरी रीघ लागली होती. कुणी अर्ज आणून द्यायचं, कुणी ओळख काढायचं, कुणी नुसतंच हळहळायचं. विलास भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. आक्का दर आठवड्याला सुट्टीच्या दिवशी तळेगावला यायची, चहा प्यायची, ऑफिसातल्या गमती सांगायची, माझ्या खिडकीतल्या कोरफडीच्या मातीत बोट घालून बघायची आणि जायची. नोकरीचा एक शब्द नाही. मला रागच आला होता. मी एकदा तिला स्टेशनवर सोडायला गेले तेव्हा विचारलं, "आक्का, सख्खा भाऊ तुमचा, काहीतरी बोला ना त्याला." ती म्हणाली, "रोप मलूल दिसलं की सगळे पाणी घालतात. तहानलेलं पण मलूल दिसतं आणि सडत आलेलं पण. याला आधीच लोकांनी लय पाजलंय. जरा कोरडा पडू दे." काही महिन्यांनी एका सकाळी विलास आपण होऊन तिला म्हणाले, "आक्का, मी टेम्पो घेतोय." ती म्हणाली, "बरं. रंग कुठला?" बस. तो टेम्पो आजही आमचं घर चालवतो. पांढरा आहे.

मागच्या वर्षी आक्काच्या किडन्या थकल्या. डायलिसिस सुरू झालं आणि डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं. चहा, ताक, आमटी, सगळं त्यातच धरायचं. तिने एक छोटं फुलपात्र ठरवलं आणि हसून म्हणाली, "घ्या. आता माझाही वर्षावास." तिला जमलं. इतकी वर्षं दुसऱ्यांना तहानलेलं ठेवण्याचा सराव होता, असं तीच म्हणायची. ओठ सुकले की ओला रुमाल लावायची, लवंग चघळायची, आणि कुणी तिच्यासमोर पाणी पिताना अवघडलं तर त्याला झापायची. जमत नव्हतं ते दाजींना. माणूस जन्मभर घाटात भर पावसात गटारं मोकळी करत फिरलेला, पाण्याची ददात अशी त्यांना माहीतच नाही. फुलपात्र भरताना त्यांचा हात काठापर्यंत जायचा. ती शांतपणे वरचं पाणी परत ओतायची. "अहो, हात आवरा. तुम्ही मला मायेने माराल." मी समोर बसलेले असायचे. दाजी खाली बघायचे.

या वर्षी मे महिन्यात कुंड्या आत घ्यायला मीच गेले. आक्का दारात खुर्ची टाकून बसली होती आणि दाजींच्या काठीने दाखवत होती, हे तिकडे, ते खिडकीपाशी, पार्सल काचेच्या कौलाखाली. सगळं लागल्यावर म्हणाली, "संगीता, वर्षावास संपला की उंट तू घेऊन जा. मी काही तेव्हा असणार नाही. यांच्याकडे ठेवू नकोस. यांच्या हाताला थांबणं माहीत नाही." दाजी आत चहा टाकत होते. ऐकू गेलं असावं. स्टोव्हचा आवाज होता, पण इतका काही नव्हता.

ती गेली, आणि जलदान विधीला दाजींनी तांब्यातून वाटीत पाणी सोडलं, वाटी भरून ताटात सांडेपर्यंत, तशी रीतच आहे. प्रशांत, त्यांचा मुलगा, हैदराबादला असतो. विधी आटोपून तो परत गेला. मी रविवारी डबा घेऊन जायचे. ऑगस्टच्या मध्यात एकदा मागच्या खोलीत कपडे आणायला गेले आणि दारातच वास आला. डबक्याचा. प्रत्येक कुंडीखालची बशी काठोकाठ भरलेली होती. जेडची पानं काचेसारखी आरपार दिसत होती, हात लावला की गळत होती. पार्सल बुडापासून काळं पडून एका अंगावर कललं होतं.

दाजी माझ्या मागे येऊन उभे राहिले. मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "रोज सकाळी घालतो. तिच्या टायमाला." मी म्हटलं, "दाजी, यांना आत्ता पाणी चालत नाही. तुम्हाला माहीत आहे." ते म्हणाले, "म्हाईत हाय. वरीसभर मोजून पाजलं गं तिला. जाताना बी मागत हुती, नर्स न्हाई म्हनली... म्हटलं, ह्येंना तरी पोटभर घालावं."

झाडं आता थांबणार नव्हती. मी पदर खोचला. कुंड्या उलट्या केल्या, चिखल झाडला, सडलेली मुळं सुरीने कापली, चांगला भाग लागेपर्यंत वर वर कापत गेले. पार्सलचा बुंधा आतून पूर्ण काळा निघाला. त्याची वरची काही पानं तेवढी टणक होती, ती खुडून घेतली. दाजी बघत होते. "म्हंजी म्याच मारली." "अर्धी," मी म्हटलं, "अर्धी वाचतील. पेपर आणा." त्यांनी पेपर आणले. शेगडी पेटवली. आम्ही दोघांनी मिळून सगळं पेपरवर पसरलं, जसे आमच्याकडे वाल पसरतात.

मी तेव्हाच सगळं उचलून नेऊ शकत नव्हते. कापलेली झाडं भर पावसात टेम्पोतून हलवली असती तर उरलेलीही गेली असती. म्हणजे पौर्णिमेपर्यंत ती त्याच खोलीत राहणार होती आणि मी तळेगावात. उरलेल्यांचं जगणं-मरणं एका माणसाच्या हातावर होतं, आणि तो हात आक्काने चाळीस वर्षांत भरवशाचा मानला नव्हता. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, "आता यातलं एकही मेलं तर ते पाण्याने मरेल. तहानेने नाही. हात शिवशिवले तर ब्रश फिरवा." आणि रोज सकाळी फोन करायला सांगितलं.

रोज फोन यायचा, मी कॅन्टीनच्या नाश्त्याच्या गडबडीत असताना. "आज बी न्हाई घातलं." "बरं." एवढंच. हळूहळू एखादं वाक्य वाढलं. खिडकी उघडी ठेवली हुती. शेगडीत कोळसा घातला. एका दुपारी अवेळी फोन आला. "ती बारकी जेड लय सुरकुतलीया. बघवंना." मी म्हटलं, "मग बघू नका." जरा वेळाने पुन्हा फोन. "बगितली. तरी बी न्हाई घातलं." पलीकडे चक्क हसल्यासारखा आवाज होता. गौरी-गणपती झाले, भात निसवून लोंब्या आल्या, पाऊस ओसरत गेला, आणि तेच शब्द रोज येत राहिले.

तर ५ ऑक्टोबरला मी क्रेट घेऊन गेले तेव्हा दाजींनी कुंड्या आधीच ओळीने मांडून ठेवल्या होत्या. ब्रश फिरवून फिरवून पानं लख्ख केलेली. झाडं सगळी रोडावलेली, सुरकुतलेली, पण बुडाशी कोरडी आणि घट्ट. मी एकेक दाबून बघितलं. ऑगस्टनंतर एकही झाड गेलं नव्हतं. खिडकीच्या कठड्यावर औषधाचं झाकण उपडं होतं. मी उचललं तर त्याच्याखाली एक स्वच्छ गोल आणि भोवती बारीक धूळ.

आम्ही दिवसभर भरलं. दाजी पेपर फाडून देत होते, मी गुंडाळत होते. ठेवून जा, असं ते एकदाही म्हणाले नाहीत. उलट क्रेटमध्ये जड खाली आणि हलकं वर, हे तेच सांगत होते. मधेच म्हणाले, "ती तुला काय म्हनली हुती ते मला ठावं हाय. खरं हुतं त्ये." मी म्हटलं, "पेपर द्या." शेवटी कोपऱ्यातली जुनी थाळी राहिली. तिच्यात पार्सलची खुडलेली पानं होती. बहुतेक वाळून गेली होती. दाजींनी थाळी उचलून माझ्यासमोर उजेडात धरली. एका पानाच्या बुडाशी गुलाबी मुळं होती, केसासारखी, आणि त्यांच्यात मोहरीएवढं हिरवं कमळ. "ह्येला आता पानी लागंल का?" त्यांनी विचारलं. "उद्या," मी म्हटलं.

सहा तारखेला पौर्णिमा. सकाळी दाजी आंघोळ करून, विहारात जायचे पांढरे कपडे घालून तयार बसले होते. मी चहा केला. मग क्रेट मागच्या खोलीत ओढून नेले, पेपर सोडले आणि कुंड्या पुन्हा ओळीने मांडल्या. तुसं झाडताना बराच वेळ गेला. मी तांब्यात पाणी आणलं आणि झाकण त्यांच्या हातात दिलं. त्यांनी प्रत्येक कुंडीला एक झाकण घातलं. झाकणाबाहेर थेंब गेला नाही. थाळीतल्या पानापाशी त्यांनी नुसतं बोट बुडवून टेकवलं. तांब्या अर्ध्याहून जास्त भरलेला होता. त्याच्याकडे त्यांनी बघितलं, माझ्याकडे बघितलं. "बाकीचं?" मी म्हटलं, "आठ दिवसांनी." त्यांनी झाकण पुसलं आणि कठड्यावर उपडं ठेवलं.

बाहेर हॉर्न वाजला. विलास टेम्पोचं मागचं फळकं पाडून उभे होते. मी रिकामे क्रेट आत टाकायला सुरुवात केली. "माल कुठाय?" त्यांनी विचारलं. "पोचला," मी म्हटलं. आक्काला मी शब्द दिला होता, पण त्यामागे तिने कारण दिलं होतं, आणि ते कारण आता उरलं नव्हतं. हिशोब समजवला असता तर तिने ऐकला असता. आठ दिवसांनी फोन येईल तेव्हा काय सांगायचं, ते तेव्हा बघू.

तुसांचं पोतं मात्र मी परत टेम्पोत चढवलं नाही. तोंड नीट बांधलं आणि मागच्या खोलीत, शेगडीच्या वरच्या फळीवर ठेवलं. खाली ठेवलं असतं तर पुढच्या पावसाळ्यात ओल लागली असती.